एमिल फिशर

हेर्मान एमिल लुई फिशर (जन्म : ९ ऑक्टोबर १८५२, ऑइसकिर्शेन, प्रशिया, मृत्यू : १५ जुलै १९१९, बर्लिन) हे जर्मन सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ होते. शर्करा आणि प्यूरीन या दोन वर्गांतील संयुगांच्या संश्लेषणासाठी त्यांना १९०२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळवणारे ते दुसरे शास्त्रज्ञ आणि पहिले सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ होत. ॲमिनो अम्ले एकमेकांना अमाइड बंधाने जोडली जाऊन प्रथिने बनतात, ही कल्पना त्यांनी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष पेप्टाइडे तयार करून दृढ केली. इंडोल संश्लेषण, शर्करांचे रेणू कागदावर दाखवण्याची प्रक्षेपण पद्धत आणि एंझाइमांच्या कार्यासाठी वापरलेली कुलूप-किल्लीची उपमा यांमुळे त्यांचे नाव आजही पाठ्यपुस्तकांत नित्य येते.

बालपण व शिक्षण

फिशर यांचा जन्म कोलोन शहराजवळील ऑइसकिर्शेन या गावी एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. वडील लॉरेन्झ फिशर यांनी अनेक उद्योगांत पैसा गुंतवला होता. मुलाने व्यापार सांभाळावा अशी त्यांची इच्छा असल्याने शालेय शिक्षण संपल्यावर एमिल यांना नात्यातील एका लाकूड व्यापाऱ्याकडे उमेदवारीसाठी पाठवण्यात आले. तेथे हिशेबापेक्षा रासायनिक प्रयोगांतच त्यांचे मन रमू लागले. अखेर वडिलांनी नाद सोडून त्यांना विद्यापीठात जाण्याची परवानगी दिली. पुढे याच वडिलांच्या पैशामुळे फिशर यांना उद्योगांतील मोठ्या पगाराच्या जागा नाकारता आल्या, हे येथे नमूद केले पाहिजे.

१८७१ मध्ये ते बॉन विद्यापीठात दाखल झाले. तेथे ऑगुस्ट केकुले यांची व्याख्याने त्यांनी ऐकली. परंतु त्यांचा ओढा भौतिकीकडे होता. चुलतभाऊ ओट्टो फिशर यांच्या आग्रहामुळे १८७२ मध्ये ते स्ट्रासबर्गला गेले व आडोल्फ फोन बायर यांचे शिष्य झाले. बायर यांच्या हाताखाली रंगद्रव्यांवर काम करून त्यांनी १८७४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. बायर यांची १८७५ मध्ये म्युनिकला नेमणूक झाल्यावर फिशरही त्यांच्यामागोमाग तेथे गेले.

फेनिल हायड्रॅझीन

फिशर यांच्या आयुष्याला वळण देणारे संयुग त्यांना स्ट्रासबर्ग येथेच जवळजवळ योगायोगाने सापडले. डायाझोनियम लवणांवर सल्फाइटाची विक्रिया करीत असता त्यांना फेनिल हायड्रॅझीन हे नवे क्षारकीय संयुग मिळाले व १८७५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. खुद्द हायड्रॅझीन हे मूळ संयुग तोवर कोणीही तयार केलेले नव्हते. ते टेओडोर कुर्टियस यांनी १८८७ मध्ये मिळवले.

फेनिल हायड्रॅझीन हे फिकट पिवळसर, तेलकट द्रव असून सुमारे २० अंश सेल्सिअसखाली ते घन होते. अल्डिहाइडे व कीटोने यांच्याशी त्याचा सहज संयोग होऊन स्फटिकी पदार्थ मिळतात. हा गुण शर्करांच्या अभ्यासात फार मोलाचा ठरला. शर्करांची रसायने त्या काळी रसायनशास्त्रज्ञांना नकोशी वाटत. त्यांचे स्फटिक बनत नसत, चिकट पाक तेवढा हाती येई आणि शुद्धतेची खात्री देता येत नसे. १८८४ मध्ये फिशर यांनी दाखवले की, शर्करेबरोबर फेनिल हायड्रॅझीन जादा प्रमाणात तापवले असता ओसाझोन नावाचे पिवळे, सुरेख स्फटिक मिळतात. त्यांच्या आकारावरून व वितळबिंदूवरून शर्करा ओळखता येऊ लागली. ओसाझोन परीक्षा आजही अनेक महाविद्यालयांत जीवरसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत करतात.

या संयुगाची दुसरी बाजू मात्र फिशर यांना फार उशिरा कळली. फेनिल हायड्रॅझीन त्वचेतून तसेच बाष्परूपाने श्वासावाटे शरीरात शिरते. ते रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करते, त्वचेवर पुरळ आणते आणि एकदा संवेदनशीलता निर्माण झाली की अल्पशा संपर्कानेही त्रास पुन्हा उद्भवतो. फिशर यांनी या द्रव्यावर वर्षानुवर्षे, हातमोजे वा वायुवीजनाची कोणतीही विशेष सोय नसताना काम केले. त्वचारोग व पोटाच्या विकाराने ते दीर्घकाळ त्रस्त होते. एर्लांगेन येथील वास्तव्याच्या अखेरीस प्रकृती इतकी बिघडली की झुरिक येथील प्राध्यापकपदाचे निमंत्रण त्यांना नाकारावे लागले व सुमारे वर्षभर रजा घ्यावी लागली. पोटाचा विकार त्यांना तरुणपणीच जडला होता, त्यामुळे सर्व दोष या एका द्रव्याच्या माथी मारता येत नाही. तरीही फेनिल हायड्रॅझीनाने त्यांच्या शरीराची हानी केली याविषयी त्यांच्या चरित्रकारांत फारसा मतभेद नाही. आज हे द्रव्य केवळ फ्यूम हूडखाली, योग्य हातमोजे घालून आणि शक्यतो कमी बाष्पनशील अशा हायड्रोक्लोराइड लवणाच्या स्वरूपात हाताळले जाते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्ककारक असल्याचेही आढळले आहे.

याच संयुगातून आणखी दोन महत्त्वाच्या गोष्टी निघाल्या. १८८३ मध्ये फिशर यांनी फेनिल हायड्रॅझोने अम्लाबरोबर तापवून इंडोल वलय मिळवण्याची पद्धत शोधली. अर्धशिशीवरील ट्रिप्टान गटातील औषधे व इंडोमेथासिन यांच्या निर्मितीत ही पद्धत अजून उपयोगात आहे. त्याच सुमारास त्यांचे एर्लांगेनमधील सहकारी लुडविग क्नोर यांनी फेनिल हायड्रॅझीनापासून अँटिपायरीन हे तापावरील औषध तयार केले. पूर्णपणे कृत्रिम असलेल्या सुरुवातीच्या यशस्वी औषधांत त्याची गणना होते.

एर्लांगेन, वुर्झबुर्ग आणि बर्लिन

म्युनिक येथे ओट्टो फिशर यांच्यासह रोझानिलीन रंगद्रव्याची संरचना निश्चित केल्यावर (१८७८) एमिल फिशर यांचे नाव सर्वत्र झाले. १८८२ मध्ये ते एर्लांगेनला आणि १८८५ मध्ये वुर्झबुर्गला प्राध्यापक झाले. दरम्यान बाडिशे अनिलीन उंड सोडा फाब्रिक या प्रख्यात रंगद्रव्य कंपनीने आपल्या प्रयोगशाळेचे संचालकपद त्यांना देऊ केले होते; त्यांनी ते स्वीकारले नाही. १८९२ मध्ये हॉफमान यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या बर्लिन विद्यापीठातील पदावर ते आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. बर्लिनला येताना सरकारने नवी प्रयोगशाळा बांधून देण्याचे कबूल केले होते. ती हेस्सिशे श्ट्रासे येथील इमारत १९०० मध्ये खुली झाली.

१८८८ मध्ये त्यांचा विवाह एर्लांगेनचे शारीरविज्ञानाचे प्राध्यापक योझेफ फोन गेर्लाख यांच्या कन्या आग्नेस यांच्याशी झाला. सात वर्षांनी आग्नेस यांचे निधन झाले. तीन लहान मुले मागे राहिली. फिशर यांनी पुन्हा विवाह केला नाही.

शर्करा

१८८७ मध्ये युलियुस टाफेल यांच्या साहाय्याने त्यांनी साध्या पदार्थांपासून शर्करेचे संश्लेषण करण्यास प्रारंभ केला आणि १८९० पर्यंत ग्लुकोज, फ्रुक्टोज व मॅनोज या तिन्ही शर्करा कृत्रिम रीतीने मिळवल्या. त्याहून मोठे काम संरचनेचे होते. याकोबुस फांट होफ यांच्या सिद्धांतानुसार ग्लुकोजच्या साखळीतील चार कार्बन अणू असममित असल्याने त्याच अणुसूत्राच्या १६ अल्डिहाइडी शर्करा संभवतात. त्यांपैकी ग्लुकोज नेमकी कोणती, हा प्रश्न होता. ग्लुकोज, मॅनोज व फ्रुक्टोज यांच्यापासून एकच ओसाझोन मिळते, म्हणजे या तिघांत पहिले दोन कार्बन अणू वगळता फरक नाही. कोणत्या शर्करेपासून ध्रुवणदृष्ट्या निष्क्रिय अम्ल मिळते व कोणत्यापासून सक्रिय. साखळी एका कार्बनाने वाढवली तर काय मिळते, अशा पुराव्यांची सांगड घालून फिशर यांनी १८९१ मध्ये उत्तर दिले. आकृत्या काढण्यासाठी त्याच वर्षी त्यांनी प्रक्षेपण पद्धत सुचवली.

एक गोष्ट मात्र त्यांना गृहीत धरावी लागली. एखादा रेणू व त्याचे आरशातील प्रतिबिंब यांपैकी निसर्गातला कोणता, हे ठरवण्याचे साधन तेव्हा नव्हते. फिशर यांनी दोनांपैकी एक पर्याय निवडला. १९५१ मध्ये नेदरलँड्समधील योहानेस बायफूट यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने टार्टारिक अम्लाच्या लवणाची खरी रचना शोधली, तेव्हा फिशर यांची निवड बरोबर ठरली. तसे झाले नसते तर साठ वर्षांतील सर्व आकृत्या उलट्या कराव्या लागल्या असत्या.

शर्करांवर एंझाइमांची क्रिया अभ्यासताना त्यांना आढळले की, यीस्टमधील एंझाइम ग्लुकोसाइडाच्या एका समघटकाचे विच्छेदन करते, तर बदामातील इमल्सिन दुसऱ्याचे. एंझाइम व त्याचे लक्ष्य यांचा आकार परस्परांना जुळावा लागतो, ही कुलूप-किल्लीची कल्पना त्यांनी १८९४ मध्ये मांडली.

प्यूरिने व व्हेरोनाल

यूरिक अम्ल, झँथीन, चहा-कॉफीतील कॅफीन आणि कोकोतील थिओब्रोमीन ही वरवर वेगळी दिसणारी संयुगे एकाच मूळ सांगाड्यापासून निघतात, हे फिशर यांनी सिद्ध केले. त्या सांगाड्याला त्यांनी १८८४ मध्ये प्यूरीन हे नाव दिले. प्रत्यक्ष प्यूरीन मात्र १८९८ मध्ये त्यांच्या हाती आले. १८९५ मध्ये त्यांनी कॅफीनाचे संश्लेषण केले. न्यूक्लिइक अम्लांतील ॲडेनीन व ग्वानीन हे घटकही याच कुळातील असल्याने या कामाचे महत्त्व पुढील शतकात अनेकपटींनी वाढले.

१९०३ मध्ये योझेफ फोन मेरिंग यांच्यासह त्यांनी डायएथिल बार्बिट्युरिक अम्ल झोपेचे औषध म्हणून पुढे आणले. व्हेरोनाल या नावाने विकले गेलेले हे बार्बिच्युरेट वर्गातील पहिले औषध. ते प्रभावी असले तरी त्याची सवय लागते व मात्रा अधिक झाल्यास मृत्यू ओढवतो, हे अनुभवाने लवकरच स्पष्ट झाले.

ॲमिनो अम्ले आणि अमाइड बंध

१८९९ च्या सुमारास फिशर प्रथिनांकडे वळले. प्रथिनांचे हायड्रोक्लोरिक अम्लाने विच्छेदन केले की ॲमिनो अम्लांचे मिश्रण मिळे, पण ते वेगळे करणे अत्यंत कठीण होते. कारण ॲमिनो अम्ले लवणांप्रमाणे वागतात, तापवली तर उडत नाहीत, विघटित होतात. फिशर यांनी त्यांची एस्टरे बनवून कमी दाबाखाली ऊर्ध्वपातनाने ती एकमेकांपासून अलग केली. या पद्धतीने कित्येक प्रथिनांचे विश्लेषण झाले. केसिनापासून प्रोलीन व जिलेटिनापासून हायड्रॉक्सिप्रोलीन मिळाले.

पुढची पायरी जोडणीची होती. १९०१ मध्ये अर्नेस्त फूर्नो यांच्यासह त्यांनी ग्लायसिल-ग्लायसीन हे पहिले डायपेप्टाइड मुक्त स्वरूपात मिळवले. त्यासाठी वापरलेली युक्ती साधी होती. ग्लायसीनाचे मुक्त एस्टर नुसते ठेवले तरी त्याचे दोन रेणू एकमेकांना दोन्ही टोकांनी जोडले जाऊन डायकीटोपिपरॅझीन हे सहा अणूंचे वलय तयार होते. एरवी उपद्रव वाटावा अशा या विक्रियेचा फिशर यांनी उपयोग करून घेतला : वलयातील दोन अमाइड बंधांपैकी एकच अम्लाने तोडला की डायपेप्टाइड उरते.

२२ सप्टेंबर १९०२ रोजी कार्ल्सबाद येथे भरलेल्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व वैद्यांच्या अधिवेशनात फ्रान्झ होफमाइस्टर व फिशर यांनी एकाच दिवशी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, प्रथिने अमाइड बंधांनी बनलेली असल्याचे प्रतिपादन केले. पेप्टाइड हे नाव फिशर यांचे.

लांब साखळ्यांसाठी वलयाची युक्ती पुरेशी नव्हती. म्हणून १९०३ मध्ये त्यांनी क्लोरीन वा ब्रोमीनयुक्त अम्ल क्लोराइड ॲमिनो अम्लाशी जोडून नंतर अमोनियाच्या साहाय्याने हॅलोजनाच्या जागी ॲमिनो गट आणण्याची पद्धत काढली. पुढे ॲमिनो अम्लांची क्लोराइडे बनवून साखळी दुसऱ्या टोकानेही वाढवली. या परिश्रमांचा कळस १९०७ मध्ये झाला. १५ ग्लायसीन व ३ ल्यूसीन घटक असलेले, १८ दुव्यांचे पेप्टाइड त्यांनी तयार केले; त्याचा रेणुभार १,२१३ होता. वृत्तपत्रांनी प्रयोगशाळेत अन्न तयार होणार अशा वार्ता छापल्या. फिशर यांना असा आव मान्य नव्हता. साहित्य महाग होते, प्रत्येक टप्प्यावर पदार्थ वाया जाई आणि जोडणीपुरता ॲमिनो गट झाकून नंतर तो सुरक्षितपणे उघडा करण्याचे साधन त्यांना सापडले नव्हते. ते लिओनिडास झेर्व्हास आणि फिशर यांच्याच प्रयोगशाळेत घडलेले माक्स बेर्गमान यांनी १९३२ मध्ये शोधले, आणि त्यानंतरच पेप्टाइड रसायनशास्त्र खऱ्या अर्थाने मोकळे झाले.

प्रथिनांच्या आकाराविषयी फिशर यांचा अंदाज चुकला. त्यांचा रेणुभार काही हजारांपलीकडे जात नसावा असे ते मानत. त्यांचा अधिकार एवढा मोठा होता की महारेणूंची कल्पना जर्मनीत रुजण्यास त्यामुळे अधिक वेळ लागला, असे म्हणण्यास जागा आहे.

ॲमिनो अमाइडांचे पुढील उपयोग व हाताळणी

ॲमिनो अम्लाच्या एस्टरावर अमोनियाची विक्रिया केली असता ॲमिनो अमाइड मिळते. या रेणूत एका टोकाला ॲमिनो गट व दुसऱ्या टोकाला अमाइड गट असतो. त्यांतील सर्वांत साधे ग्लायसीनामाइड. फिशर यांच्या काळी ही संयुगे पेप्टाइड संशोधनाच्या कडेला होती. पुढे ती मध्यभागी आली. ऑक्सिटोसिन व व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकांची साखळी ग्लायसीनामाइडानेच संपते. विन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिनाचे संश्लेषण केले, तेव्हा तो अमाइड शेवट राखणे आवश्यक होते. ग्लायसीनामाइड व ग्लायऑक्झल यांच्यापासून पायरॅझीन वलय मिळते. ॲमिनोब्युटिरिक अम्लाचे अमाइड हे अपस्मारावरील लेव्हेटिरॅसिटाम या औषधाचा आरंभपदार्थ आहे. सजीवांच्या पेशींत प्यूरीन वलय बांधले जाताना ग्लायसीनामाइड रायबोन्यूक्लिओटाइड हा टप्पा लागतो. फिशर यांच्या दोन स्वतंत्र विषयांची गाठ निसर्गात अशी आधीच पडलेली होती.

हाताळणीत या वर्गाचा स्वभाव फिशर यांच्या एस्टरांसारखाच, मात्र सौम्य आहे. मुक्त क्षारक साठवला वा तापवला तर त्याचे रेणू अमोनिया सोडून वलयात रूपांतरित होऊ शकतात. म्हणून ही संयुगे बहुधा हायड्रोक्लोराइड लवणाच्या स्वरूपात, घट्ट झाकणाच्या बाटलीत, ओलाव्यापासून दूर ठेवतात आणि मुक्त क्षारक लागेल तेव्हाच, लागेल तेवढाच, थंड अवस्थेत मोकळा करतात. तीव्र अल्कलीबरोबर तापवल्यास अमाइड बंध तुटून अमोनिया वायू बाहेर पडतो. हे काम फ्यूम हूडखालीच करावे लागते. चूर्ण डोळ्यांना, त्वचेला व श्वसनमार्गाला दाहक ठरू शकते, त्यामुळे चष्मा व हातमोजे वापरणे, वजन करताना धूळ उडू न देणे आणि तीव्र ऑक्सिडीकारकांजवळ बाटली न ठेवणे ही नित्याची शिस्त मानली जाते. या वर्गातील कित्येक संयुगांच्या दीर्घकालीन परिणामांचा पुरेसा अभ्यास झालेला नसल्याने ती निरुपद्रवी आहेत असे धरून चालत नाहीत. फेनिल हायड्रॅझीनही आरंभी एक उपयुक्त स्फटिककारक एवढेच समजले जात होते.

शिष्य व सहकारी

ओट्टो डील्स, ओट्टो वारबुर्ग, आडोल्फ विंडाउस आणि कार्ल लांडश्टाइनर हे पुढील काळातील नोबेल विजेते कधी ना कधी फिशर यांच्या प्रयोगशाळेत काम करून गेले. किरणोत्सारी पदार्थांवर काम करणारे ओट्टो हान यांना त्यांनी तळघरातील सुतारकामाची खोली दिली. १९०७ मध्ये लिझे माइटनर हान यांच्यासह काम करण्यास आल्या, तेव्हा फिशर यांच्या संस्थेत स्त्रियांना प्रवेश नव्हता. स्त्रियांच्या केसांना प्रयोगशाळेत आग लागेल अशी भीती त्यांना वाटे, असे सांगितले जाते. माइटनर यांना तळघराच्या स्वतंत्र दाराने ये-जा करण्याच्या आणि वरच्या मजल्यांवर न येण्याच्या अटीवर परवानगी मिळाली. प्रशियातील विद्यापीठे स्त्रियांना अधिकृतपणे खुली झाल्यावर त्यांनी ही बंदी उठवली आणि पुढे माइटनर यांना साहाय्यही केले.

१९०८ नंतर त्यांनी कार्ल फ्रॉयडेनबर्ग यांच्यासह टॅनिनांवर संशोधन केले. १९१३ मध्ये त्यांनी ४,०२१ रेणुभाराचे एक कृत्रिम संयुग तयार केल्याचे जाहीर केले. संशोधन संस्था उभ्या करण्यातही ते अग्रेसर होते. १९११ मध्ये स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म सोसायटीच्या आणि डाहलेम येथील तिच्या रसायनशास्त्र संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता.

महायुद्ध व अखेर

ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मन लष्कराच्या कृतींचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर फिशर यांचीही सही होती. युद्धकाळात नायट्रिक अम्ल, अमोनिया, ग्लिसरीन व अन्नधान्य यांच्या टंचाईवर उपाय शोधण्याच्या समित्यांवर त्यांनी काम केले. प्रयोगशाळेतील तरुण माणसे आघाडीवर गेली आणि संशोधन जवळजवळ थांबले. घरातही आघात झाले. तीन मुलांपैकी दोघे युद्धाच्या काळात मरण पावले. एकाने सक्तीच्या लष्करी प्रशिक्षणाच्या ताणाखाली आत्महत्या केली. थोरले हेर्मान ओट्टो लॉरेन्झ फिशर तेवढे उरले; तेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली येथे जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

१९१९ मध्ये एमिल फिशर यांना आतड्याचा, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्यांनी आपली कामे व मालमत्ता यांची नीट व्यवस्था लावली, तरुण रसायनशास्त्रज्ञांच्या मदतीसाठी मोठी रक्कम ठेवली आणि १५ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. अनेक चरित्रकारांच्या मते त्यांनी स्वतःच जीवनाचा अंत केला.

त्यांचे अपुरे आत्मचरित्र १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना डेव्ही पदक (१८९०) मिळाले होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञांच्या संघटनेतर्फे त्यांच्या नावाचे पदक दिले जाते. चंद्रावरील फिशर हे विवर एमिल फिशर आणि हिमोग्लोबिनातील रंगद्रव्यावर काम करणारे हान्स फिशर या दोघांच्या स्मरणार्थ आहे. दोघांचे आडनाव सारखे असले तरी ते एकमेकांचे नातेवाईक नव्हते.